तांदळात लिहिलेलं नाव

बंगळूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘मन प्रसन्न कसं ठेवावं’ या विषयावर लिहा, असं संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. अहो, ते मला ठाऊक असतं तर माझ्या चेहऱ्यावर दिसलं नसतं का? माझी भाची म्हणते, ‘मावशी, तू हसलीस तरी कुणीतरी गेल्याची बातमी आणल्यासारखी दिसतेस.’ जन्मभर दुसऱ्यांची दुःखं ऐकण्याची नोकरी केली की चेहऱ्याची घडी तशीच पडते. तेव्हा प्रसन्नतेचं दुसऱ्या कुणाकडे मागा. मी माझ्या कामाबद्दल लिहिते, आणि त्यातही मुख्यतः एका मुलीबद्दल. तिच्याबद्दल कधीतरी लिहायचंच होतं.

मी बेळगावची. घरी मराठी, दारात कानडी. धारवाडला शिकले, मग बंगळूरला येऊन मानसरोगांच्या मोठ्या इस्पितळात तपासणीचं शिक्षण घेतलं आणि पुढे बसवनगुडीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून लागले. लोक मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हते. मनाच्या आजाराचे डॉक्टर गोळ्या देतात, इंजेक्शनं देतात, त्या काळी विजेचे झटकेही सर्रास देत. आमच्या हातात यातलं काही नाही. आम्ही प्रश्न विचारतो, ठोकळे जुळवायला देतो, शाईच्या डागांची चित्रं दाखवतो आणि ‘यात काय दिसतं’ म्हणून विचारतो. गांधीबझारातल्या एका कॉफीवाल्यानं ते डाग बराच वेळ न्याहाळले आणि मला हळूच म्हणाला, ‘शाई चेल्लिदे, अक्का.’ शाई सांडलीय. त्याच्या शहाणपणाबद्दल मला त्यानंतर शंका उरली नाही.

आणि माझ्याकडे परवाना नव्हता. म्हणजे मी चोरून धंदा करत होते असं नव्हे. परवाना अशी चीजच नव्हती. या शहरात खानावळीला परवाना लागे, कॉफी दळायच्या चक्कीला लागे, साध्या सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. माणसाच्या मनात हात घालायला मात्र काहीही लागत नसे. मॅजेस्टिक टॉकीजच्या बाजूला जिने चढून गेलात की पाट्याच पाट्या. मानसतज्ज्ञ, संमोहनतज्ज्ञ, परदेशी पदव्यांची लांबच लांब शेपटी. त्यातला एक हात बघायचा, एक डोळ्यांत डोळे घालून बघायचा आणि एक नुसताच घड्याळाकडे बघायचा.

मग खरा माणूस शोधायचा कसा? खरं सांगायचं तर कुणी शोधतच नसे. आधी कुलदैवत, मग जोतिषी, मग ताईत देणारा कुणी, मग डोकं दुखतं म्हणून डोळ्यांचा डॉक्टर. आमच्या दवाखान्यात माझी खोली नेमकी डोळ्यांच्या विभागाला लागून होती आणि बाहेरचं बाकडं दोघांत एकच. एवढ्या एका सोयीमुळे माझं काम चाललं. लोक हातात चष्म्याचं घर धरून त्या बाकावर बसत. आमची आया मुनियम्मा मोठ्या आवाजाची. प्रत्येकाला विचारी, ‘कण्णो, तलेयो?’ डोळे की डोकं? सगळे एका सुरात म्हणत, डोळे. मग बाकडं रिकामं झालं की उरलेला एखादा चोरासारखा माझ्या दारात येई.

जयनगरचे एक निवृत्त हेडमास्तर असेच येत. स्वतःसाठी नाही, मित्रासाठी. मित्राला झोप येत नाही, मित्राला पहाटे जीव द्यावासा वाटतो. मी मित्रासाठी उपाय सांगायची, ते मान डोलवून मित्रासाठी लक्षात ठेवायचे. असे कित्येक महिने गेले. एक दिवस दारातूनच म्हणाले, ‘मित्र वारला, अम्मा. आता येत नाही.’ त्यानंतर रोज सकाळी मी वर्तमानपत्रातली निधनाची बातमी आधी शोधायची. पुढच्या आठवड्यात ते मला गांधीबझारात दिसले. बायकोसाठी मोगऱ्याची माळ घेत होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. कुणी ओळख दाखवली नाही म्हणून मला इतका आनंद आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नाही.

पण असे वारलेले मित्र थोडे. आता त्या मुलीकडे येते.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे म्हणतात तिला. रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, आणि सारं शहर तिकडे लोटतं. त्या दिवशी माझ्या खोलीपुढे सगळ्यांत जास्त गर्दी असे. कारण साधं. एरवी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा, के. आर. पुरमचा माणूस बसवनगुडीत कशाला आला, असं कुणीही विचारेल. जत्रेच्या दिवशी कुणी विचारत नाही. येताना शेंगांची पिशवी हातात घ्यायची, की झालं. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या घरातलं वेड असंच शेंगांच्या पिशवीआडून माझ्याकडे येई.

त्या सोमवारी मुनियम्मा आत येऊन म्हणाली, ‘अक्का, निम्म कडेयवरु बंदिद्दारे.’ तुमच्याकडची माणसं आलीत. आणि वर कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे प्रकरण वाईट.

तिघं आत आली. पुढे सासूबाई, नऊवारी नेसलेल्या, हातात शेंगांची पिशवी. मागे मुलगा, मधुसूदन आगाशे, एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं अदबीचं. आणि त्याच्या मागे सून. वीस-एकवीस वर्षांची असेल. डोक्यावरून पदर, नजर फरशीवर.

‘अहो, तुम्ही आपल्यातल्या निघालात हे फार बरं झालं,’ सासूबाई बसता बसता म्हणाल्या. त्यांना घरी माई म्हणत. ‘इथं सगळा कानडी कारभार. सून आहे माझी. बोलत नाही, चालत नाही, भिंतीकडे बघत बसते. स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही हो हिला! लग्नाआधीपासून असणार. आम्हांला फसवलं.’

मधुसूदननं एक कागद पुढे केला. कॅन्टोन्मेंटातल्या एका नामांकित डॉक्टरांचा होता. रुग्णाला स्वतःचं नाव सांगता येत नाही, चुकीचं सांगते. नवऱ्याचं नाव सांगता येत नाही. तारीख सांगता येत नाही. स्वतःचं आणि आप्तांचं भान हरपल्याचं दिसतं, मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यावी.

इथं थोडं धंद्याचं सांगायला हवं. मनाचा रोगी समोर आला की पहिली तपासणी भानाची असते. तू कोण, कुठे आहेस, आज कोणता दिवस, बरोबर आलेली माणसं कोण. हे चार प्रश्न जगात सगळीकडे तेच. ज्याला ही चार उत्तरं येत नाहीत त्याचा आजार गंभीर. त्या डॉक्टरांनी काही चूक केली नव्हती. त्यांनी बरोबर तेच प्रश्न विचारले होते, फक्त इंग्रजीत, आणि मध्ये दुभाषा होता नवरा.

मी तिला मराठीत विचारलं, ‘बाळ, नाव काय तुझं?’

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग ओठ हलले. ‘इंदू.’

‘बघा!’ माई टाळी वाजवल्यासारख्या ओरडल्या. ‘हे असं! हिचं नाव माधवी आहे. माधवी मधुसूदन आगाशे.’

मी वही मिटली. तुम्ही मराठी बायका हे वाचत असाल तर तुमच्या केव्हाच ध्यानात आलं असेल. आपल्याकडे लग्नात नवरा अंगठीनं तांदळाच्या ताटात बायकोचं नवं नाव लिहितो. काल इंदू असलेली मुलगी आज माधवी होते आणि मंडळी पेढे खातात. कॅन्टोन्मेंटातल्या त्या डॉक्टरांना हे कुठून कळणार? नाव विचारलं तर कुणीही आईनं हाक मारलेलं नावच सांगेल.

‘इंदू हे माहेरचं,’ मी म्हटलं. ‘आणि इथलं?’

‘माधवी,’ ती म्हणाली. ‘तांदळात लिहिलेलं.’

माईंचं तोंड उघडंच राहिलं. मधुसूदन खिडकीतून बाहेरची जत्रा बघू लागला.

आता नवऱ्याचं नाव. ते ती सरळ सांगणार नाही हे मला दिसतच होतं. साताऱ्याकडच्या खेड्यातली पोर. नवऱ्याचं नाव उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं ऐकत वाढलेली. डॉक्टरांपुढे ती गप्प राहिली होती ती नाव आठवत नव्हतं म्हणून नाही. त्याच्या जिवाला जपत होती ती.

‘इंदू,’ मी म्हटलं, ‘मला यांचं नाव हवंय. नुसतं नको. उखाण्यात घे.’

‘इथं दवाखान्यात उखाणे कसले?’ माई म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

बाहेरून नगाऱ्याचा आवाज येत होता, शेंगवाल्यांची आरोळी येत होती. मला वाटलं, संपलं, आता ही काही बोलणार नाही. आणि मग तिनं पदर सारखा केला, लग्नातल्या नव्या नवरीसारखा, आणि फरशीकडे बघत बघत म्हणाली,

‘कार्तिकातला सोमवार, शेंगांचा बाजार,
मधुसूदनरावांच्या गळ्यात पडला माझा आजार.’

मी पुष्कळ चाचण्या घेतल्या. देशीविदेशी, चित्रांच्या, ठोकळ्यांच्या. पण चारही प्रश्नांची उत्तरं दोन ओळींत, तीही जुळवून, मला पुन्हा कुणी दिली नाहीत. दिवस कोणता ते तिला ठाऊक होतं. जागा कोणती ते ठाऊक होतं. नवऱ्याचं नाव ठाऊक होतं. आणि आपण घरात काय होऊन बसलोय हे तर घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले, आणि धंद्यात ते चालत नाही म्हणून मी उगाच टेबलाच्या खणात काहीतरी शोधू लागले.

मला ती एकटी हवी होती. पण ‘बाहेर थांबा’ म्हटलं की आपली माणसं दुखावतात, आणि दुखावलेली सासू दाराला कान लावून बसते. म्हणून मी माईंना म्हटलं, ‘आजच्या दिवशी नंदीला शेंगा वाहिल्याशिवाय जाऊ नये. आजारी माणसाच्या नावानं घरच्यांनी वाहायच्या असतात.’ हे शास्त्र मी जागेवरच तयार केलं होतं. दोघं गेली.

‘बोलत का नाहीस घरी?’ मी विचारलं.

‘काय बोलू?’ ती म्हणाली. ‘बाहेरच्यांना माझं कळत नाही. घरच्यांना कळतं, पण ते ऐकत नाहीत.’

मग तुकड्यातुकड्यानं आलं सगळं. तिची आई लहानपणीच गेली होती, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवली नाही. सातव्या महिन्यात इथंच बाळ मेलेलं जन्मलं. मुलगा होता. तिला दाखवलाही नाही. घरी आली तर माईंनी सांगितलं, नाव न ठेवलेल्याचं सुतक नसतं. ज्याला नावच नाही त्याला रडायचं काय? स्वयंपाकाला लाग.

‘मग मी लागले,’ इंदू म्हणाली. ‘पण पोळी लाटताना हात थांबायचा. थांबला की थांबायचाच. मग म्हणायला लागले, वेड लागलं.’

‘नाव तू ठेवलं होतंस का त्याचं?’

तिनं मान हलवली. होय.

‘मला सांगतेस?’

‘नाही,’ ती म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे डोळे वर करून बघितलं. ‘ते एवढं राहू द्या माझ्याकडे.’

मी राहू दिलं. मी तिला म्हटलं, तुला वेड लागलेलं नाही. तुझं मूल गेलंय आणि तुला रडू दिलेलं नाही. दर आठवड्याला माझ्याकडे येत जा, इथं रड. ती हो म्हणाली. ती दोघं परत आली तेव्हा तिच्या गालावर अजून ओल होती, आणि माईंच्या हातात शेंगांची दुसरी पिशवी होती. पहिलीतल्या नंदीला वाहिल्या होत्या. इतकी भक्ती तरी खरी होती.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मधुसूदन एकटाच आला, अहवाल न्यायला.

त्यानं उभ्या उभ्याच वाचला. भान शाबूत, बुद्धी चांगली, अपत्यशोक, वेडाचं कोणतंही लक्षण नाही. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची नीट घडी घातली.

‘म्हणजे ती नॉर्मल आहे असं तुमचं म्हणणं.’

‘तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्ही जसे असतात तशी आहे,’ मी म्हटलं. ‘आणि मला एक सांगा. डॉक्टरांनी नाव विचारलं, तिनं इंदू म्हणून सांगितलं. ते तिचं माहेरचं नाव, हे तुम्हांला माहीत होतं. नवऱ्याचं नाव ती का घेत नाही, तेही माहीत होतं. तुम्ही बाजूलाच बसला होतात. बोलला का नाहीत?’

त्यानं चष्मा काढून पुसला. ‘त्यांनी मला विचारलं नव्हतं,’ तो म्हणाला.

तो दुष्ट नव्हता, हे मी आजही म्हणेन. दुष्ट माणूस ओळखू येतो, त्याच्याशी भांडता येतं. हा आईच्या शब्दाबाहेर नसलेला एक हुशार माणूस होता. त्या वर्षांत नवा कायदा होऊन थोडाच काळ झाला होता. एक बायको असताना दुसरी करता येत नव्हती. आधीची वेडी ठरली की वाट चटकन मोकळी होत होती. माईंना नातू हवा होता, आणि ही पोळी लाटताना थांबणारी सून नको होती. म्हणून तिचं वेड त्यांना कागदावर हवं होतं. मानसशास्त्रज्ञ शोधत ते बसवनगुडीपर्यंत आले होते ते याच्यासाठी. इलाज करणारा नव्हे, लिहून देणारा.

‘तुमचा लायसेन्स नंबर काय?’ त्यानं विचारलं. ‘अहवालावर दिसत नाही. शिक्काही नाही.’

‘नाही. कुणालाच नसतो.’

‘आमच्याकडे बॉयलर तपासणाऱ्यालासुद्धा असतो,’ तो शांतपणे म्हणाला. ‘मग या कागदाला अर्थ काय?’

मी रागानं म्हटलं, ‘शोधा परवान्याचा मानसशास्त्रज्ञ. या शहरात सापडला तर मलाही कळवा.’

आणि त्यांना सापडला.

हे मला इंदूच्या वडिलांकडून कळलं. माघ महिन्यात एक दिवस मुनियम्मानं एका म्हाताऱ्याला आत आणून बसवलं. धोतर, कोट, डोक्याला काळी टोपी, पायांत धुळीनं भरलेल्या वहाणा. गावात भिक्षुकी करत. मुलीला घेऊन जा म्हणून बोलावणं आलं होतं, म्हणून प्रथमच एवढ्या लांब आले होते. कानडी येत नव्हतं. इंदूनं सांगितलेल्या ‘डोळ्यांच्या दवाखान्याशेजारच्या मराठी बाई’ एवढ्या पत्त्यावर त्यांनी निम्मं शहर पालथं घातलं होतं. दुकानात विचारलं की लोक त्यांना चष्म्याच्या दुकानांत पाठवत.

‘बाई, खरं सांगा,’ ते म्हणाले. ‘माझी पोर वेडी आहे का?’

‘नाही.’

‘मग हे काय?’ त्यांनी कागदाची नक्कल दाखवली. जाड कागद, वर सोनेरी अक्षरं, खाली तळहाताएवढा जांभळा शिक्का आणि परवान्याचा क्रमांक. मॅजेस्टिकजवळचा कुणीतरी. बालपणापासूनचं असाध्य वेड, असं लिहिलेलं. लिहिणाऱ्यानं तिला किती वेळ बघितलं, कोण जाणे.

मी त्यांना घेऊन तिथं गेले. जिना चढून वर गेलो तर दाराला कुलूप होतं. पाटीवर तोच क्रमांक रंगवलेला, आणि दाराच्या आत काचेतून चौकटीत लावलेला परवाना दिसत होता. मी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, काचेला नाक टेकवून वाचला. नगरपालिकेचा होता. दुकान चालवायचा.

जिन्यावरच मी हसायला लागले. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. त्यांना वाटलं असेल, हिचंही तसंच.

‘कोर्टात जा,’ मी म्हटलं. ‘हा कागद तिथं टिकणार नाही. मी येईन, साक्ष देईन. कॅन्टोन्मेंटातल्या डॉक्टरांनाही मी समजावून सांगेन, ते ऐकतील.’

ते जिन्याच्या पायरीवर बसले. ‘हिच्यामागे दोन आहेत उजवायच्या,’ म्हणाले. ‘थोरली वेडी की शहाणी यावर कोर्टात सहा महिने वाद झाला, तर निकाल काहीही लागो, धाकट्यांना कोण करून घेईल? गप्प राहून घेऊन आलो तर म्हणतील, नांदली नाही. ते तरी बरं.’

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. वेडाचा कागद कोर्टापर्यंत गेलाच नाही, त्याआधी बाप खचला; पुढे ‘नांदत नाही’ एवढ्यावर बिनविरोध फारकत झाली. आपल्याकडे बहुतेक खटले असेच निकाली निघतात.

थोड्या वेळानं ते आपल्याशीच म्हणाले, ‘आयुष्यभर लग्नं लावली मी, बाई. ते तांदळाचं ताट मीच पुढं करतो. लिहा म्हणतो, नाव लिहा. किती पोरींची नावं अशी पुसली असतील.’

मी माझ्या अहवालाची प्रत त्यांना दिली. म्हटलं, याच्यावर शिक्का नाही. याचा उपयोग कुठेच होणार नाही.

‘इंदूला वाचता येतं,’ ते म्हणाले. ‘तिला तरी दाखवीन.’ आणि ती प्रत त्यांनी पंचांगात ठेवली.

इंदू मला पुन्हा भेटली नाही. तिला माझ्या खोलीत रडायला ये म्हटलं होतं, त्यासाठी ती कधी येऊ शकली नाही. मी गावाच्या पत्त्यावर दोनदा पत्र टाकलं. पहिल्याचं उत्तर वडिलांनी दिलं, बरी आहे, देवळात पोथी वाचते. दुसऱ्याचं आलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं होतं. ‘मुलांचं मन’ यावर दहा मिनिटं बोला, मग तिळगूळ आहे, असा बेत. बायकांना तिळगुळाची घाई होती, म्हणून मी पाचच मिनिटं बोलले. खाली उतरले तर समोर माई. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच. मला त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही. शेजारच्या बाईला त्या सांगत होत्या, ‘ही आमची सून, माधवी.’

मी चमकून बघितलं. गोरी, हसरी, हिरवा चुडा भरलेली कुणीतरी वेगळीच मुलगी होती.

‘हिचंही नाव माधवीच का?’ त्या शेजारच्या बाईंनी विचारलं. त्यांना आधीची ठाऊक असावी.

‘मधुसूदनला तेच शोभतं की,’ माई म्हणाल्या. ‘आणि रेशनकार्डसुद्धा बदलावं लागलं नाही हो.’

त्यांनी हे चेष्टेत म्हटलं नव्हतं. सहज म्हटलं, सोय झाली म्हणून. आणि बायकांनी त्या मुलीला गराडा घातला, ‘नाव घे, नाव घे!’ तिनं लाजत उखाणा घेतला. महादेव, बेल, मधुसूदनराव असा कुठलातरी ठरीव. सगळ्या हसल्या. माझ्या कानांत मात्र शेंगांचा बाजार चालू होता.

माझ्या टेबलावर नाव-गाव विचारायचे प्रश्न मी हजारदा विचारले असतील. नोकरीबाहेर ते कुणाला विचारू नयेत, एवढी रीत मला कळते. पण त्या दिवशी राहवलं नाही. गर्दी पांगल्यावर मी त्या मुलीजवळ गेले, तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हळूच विचारलं, ‘माहेरचं नाव काय गं तुझं?’

तिनं आधी सासू कुठे आहे ते बघितलं. मग म्हणाली, ‘सरोज.’

‘विसरू नकोस हो,’ मी म्हटलं.

ती खळखळून हसली. ‘इश्श! स्वतःचं नाव कुणी विसरतं का, मावशी?’